प्रकार १ मधुमेहाच्या उपचारपर्यायांचा इतिहास : नागोठणे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या वर्षी काय शोधले, याची नोंद होते आणि त्यानंतर तो आजार इतिहासजमा झाल्यासारखा वाटू लागतो. प्रकार १ मधुमेहाच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी ठरते. या आजारावरील औषध १९२२ मध्ये मानवाच्या हाती आले. तरीही हा आजार बरा होत नाही. रोग्याला ते औषध रोज, आयुष्यभर आणि योग्य मात्रेत घ्यावे लागते. त्यामुळे या उपचाराचा खरा इतिहास शोधापाशी संपत नाही, तो तेथून सुरू होतो. औषध कोठून येते, कशात साठवले जाते, कोणत्या सुईने टोचले जाते, रक्तातील साखर कशी मोजली जाते आणि हे सर्व कुटुंबाला परवडते काय, या प्रश्नांची उत्तरे हाच त्या इतिहासाचा गाभा होय.

प्रस्तुत लेखात हा इतिहास रायगड जिल्ह्यातील नागोठणे या गावाच्या संदर्भात मांडला आहे. अंबा नदीच्या काठी वसलेले आणि पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या ठिकाणांच्या मध्ये असलेले हे गाव एकेकाळी खाडीवरचे बंदर होते. भरतीबरोबर येणाऱ्या गलबतांनी ते मुंबईशी जोडलेले होते. पुढे मुंबई-गोवा महामार्ग व लोहमार्ग आले आणि १९९० च्या सुमारास इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा भव्य प्रकल्प येथे उभा राहिला. महानगराच्या जवळ असूनही ग्रामीण, उद्योगाच्या छायेत असूनही शेती, मासेमारी व मजुरीवर जगणारा आणि डोंगरपायथ्याला कातकरी व ठाकूर वाड्या असलेला हा परिसर आहे. एखादा उपचारपर्याय उपलब्ध असणे आणि तो पोहोचणे यांतील अंतर अशा ठिकाणीच नेमके मोजता येते.

आजाराचे स्वरूप व प्राचीन निरीक्षणे

प्रकार १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते. इन्सुलिनच्या अभावी रक्तातील साखर पेशींना वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्लधर्मी कीटोन साठतात व उपचार न झाल्यास रोगी दगावतो. हा आजार बहुधा बालपणी वा तरुणपणी प्रकट होतो. गोड खाण्याशी वा आळसाशी त्याचा संबंध नाही. मध्यमवयात आढळणाऱ्या प्रकार २ मधुमेहापेक्षा तो मुळातच भिन्न आहे.

भारतीय वैद्यकाने प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आणि मधुमेह हा त्यांतील एक मानला. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्या प्रकारातील रोगी कृश, रूक्ष व तहानेने व्याकूळ असतो, तर दुसऱ्या प्रकारातील स्थूल व बहुभक्षी असतो, असे त्यातील निरीक्षण आहे. या सहज प्रमेहाला आजचा प्रकार १ मधुमेह म्हणणे इतिहासदृष्ट्या घाईचे होईल, कारण ग्रंथकारांची रोगकल्पना वेगळी होती. परंतु कृश आणि स्थूल असे दोन भिन्न रोगी त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत, हे मान्य करावे लागते. चरकसंहितेने तर बीजदोषातून उद्भवलेला मधुमेह असाध्य ठरविला आहे. ही प्रांजळ कबुली आज मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. काढा वा भुकटी घेऊन इन्सुलिन सोडता येईल असे आश्वासन परंपरेच्या नावाने दिले जाते, तेव्हा त्याला खुद्द त्या परंपरेचाही आधार नसतो.

वसाहतकालीन वैद्यकाने भारतातील मधुमेहाची प्रतिमा आणखी एकांगी केली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत १९०७ मध्ये उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. तीत समोर होता तो प्रामुख्याने सुखवस्तू, बैठे काम करणारा, मध्यमवयीन भारतीय. मधुमेह हा श्रीमंतांचा व प्रौढांचा रोग, ही समजूत त्यातून दृढ झाली आणि ती आजही समाजात व काही अंशी शासकीय योजनांत टिकून आहे. खेड्यातील, गरीब घरातील, हडकुळे मूल या चित्रात कोठेच नव्हते. त्या काळी असे मूल निदान होण्यापूर्वीच मृत्यू पावत असे आणि त्याची नोंद बहुधा ताप, अशक्तपणा वा क्षय या सदरांखाली होत असावी, असा तर्क करता येतो.

इन्सुलिनपूर्व काळ आणि टोरांटोचा शोध

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास तीव्र मधुमेह झाला. आजाराचे ठिकाण समजले, पण उपाय सापडण्यास आणखी तीन दशके लागली. दरम्यानच्या काळातील सर्वांत प्रभावी उपचार म्हणजे अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांची उपासमार-पद्धती. रोग्याला अत्यल्प आहारावर ठेवून लघवीतील साखर नाहीशी केली जाई. या उपायाने मुले काही महिने, क्वचित दोन-तीन वर्षे अधिक जगत, परंतु अस्थिपंजर होऊन. मधुमेहाने मरावे की उपासमारीने, एवढाच पर्याय त्या काळी होता.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क कुत्र्यांवर वापरला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. अर्क अशुद्ध असल्याने पहिला प्रयत्न फसला. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस दिल्यावर मात्र मुलाची रक्तशर्करा उतरली. थॉम्पसन पुढे तेरा वर्षे जगला. संशोधकांनी या शोधाचे एकस्व प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. हे औषध कोणा एकाच्या मक्तेदारीत जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळाले. त्यांनी आपला वाटा अनुक्रमे बेस्ट व कॉलिप यांना देऊ केला.

सदर एक डॉलरची कथा सर्वत्र सांगितली जाते. तथापि, शंभर वर्षांनंतरही जगातील अनेक मुलांना इन्सुलिन नियमित मिळत नाही, ही वस्तुस्थिती तीच कथा अपुरी ठरविते. एकस्व खुले झाल्याने औषध आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी कारखाना, वाहतूक, शीतसाखळी, वैद्य आणि पैसा यांची साखळी लागते.

औषधाचे रूपांतर : प्राणिज इन्सुलिनपासून जनुकीय इन्सुलिनपर्यंत

आरंभीची सहा दशके इन्सुलिन हे गाई व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून काढले जाई. सुमारे २२५ ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून अधिक प्राणिज अवयव लागत, यावरून हे उत्पादन कत्तलखान्यांवर किती अवलंबून होते ते कळते. साध्या इन्सुलिनचा परिणाम काही तासच टिकत असल्याने दिवसातून अनेकदा टोचावे लागे. डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी १९३६ मध्ये प्रोटामीनचा वापर करून परिणाम लांबविला. १९४६ मध्ये त्यांच्याच संस्थेने एनपीएच हे मध्यम कालावधीचे इन्सुलिन तयार केले. १९५० च्या दशकारंभी लेंटे प्रकार आले. फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकात इन्सुलिनची अमिनो आम्लांची रचना उलगडली आणि १९६९ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी त्याची त्रिमितीय रचना निश्चित केली. या ज्ञानाच्या पायावर १९७८ मध्ये जिवाणूंकरवी मानवी इन्सुलिन तयार करण्यात यश आले व १९८२ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस मान्य झाले. १९९६ पासून शीघ्र परिणाम करणारे लिस्प्रो आणि २००० पासून दीर्घकाल परिणाम करणारे ग्लार्जिन अशी बदललेल्या रचनेची इन्सुलिने उपलब्ध झाली.

भारतात हा क्रम बराच मागाहून घडला. पाश्चात्त्य देशांत मानवी इन्सुलिन रुळल्यानंतरही आपल्याकडे गाईच्या स्वादुपिंडापासूनचे इन्सुलिन दीर्घकाळ वापरात होते, कारण ते स्वस्त होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने २००३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईच्या वोखार्ट या कंपनीने स्वतः विकसित केलेले पुनर्संयोजित मानवी इन्सुलिन बाजारात आणले. २००४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉननेही आपले इन्सुलिन आणले. देशी उत्पादनामुळे स्पर्धा वाढली व मानवी इन्सुलिन सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने इन्सुलिनचा समावेश १९७७ च्या पहिल्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला होता. दीर्घकाल टिकणाऱ्या बदलत्या रचनेच्या इन्सुलिनांना त्या यादीत स्थान मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले, तर भारताच्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन २०२२ मध्ये समाविष्ट झाले.

साधनांचा इतिहास : काचेची सिरिंज ते इन्सुलिन पेन

औषधाइतकाच साधनांचा इतिहास महत्त्वाचा आहे. कित्येक दशके घरोघरी काचेची सिरिंज व जाड सुई उकळून वापरली जात असे. सुई बोथट झाली की तिला धार लावावी लागे. स्वयंपाकघरात चुलीवर सिरिंज उकळणारी आई ही त्या काळातील बालमधुमेहाच्या उपचारातील खरी परिचारिका होती. एकदा वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिक सिरिंजेस आल्यावर हा त्रास व जंतुसंसर्गाचा धोका कमी झाला. अशा सिरिंजची नळी प्रामुख्याने पॉलिप्रॉपिलीनची असते आणि पॉलिप्रॉपिलीन हे नागोठण्याच्या प्रकल्पातील एक प्रमुख उत्पादन होय. हा प्रकल्प २००२ मध्ये निर्गुंतवणुकीद्वारे रिलायन्सकडे गेला व २००७ मध्ये मूळ कंपनीचे विलीनीकरण झाले. आधुनिक उपचारासाठी लागणारा कच्चा माल ज्या गावात तयार होतो, त्याच गावच्या डोंगरवाडीतील मूल उपचाराच्या दृष्टीने किती दूर आहे, हा प्रश्न त्यामुळे अधिक बोचरा होतो.

साधनांच्या संदर्भात भारतातील एक विशेष बाब नोंदविणे आवश्यक आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन मुख्यतः प्रतिमिलिलिटर ४० एकक या तीव्रतेचे मिळते, तर पेनमधील इन्सुलिन १०० एककांचे असते. जगातील बहुतेक देशांनी १०० एकके हे एकच प्रमाण स्वीकारले आहे. आपल्याकडे दोन्ही प्रमाणे नांदत असल्याने ४० एककांच्या कुपीस लाल टोपणाची व १०० एककांच्या कुपीस नारिंगी टोपणाची सिरिंज वापरणे अनिवार्य ठरते. ४० एककांची खूण असलेल्या सिरिंजने १०० एककांचे इन्सुलिन भरल्यास मात्रा अडीचपट होते आणि मुलाची साखर प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट घडल्यास मात्रा दोन पंचमांशावर येते. गावच्या औषध-दुकानात सिरिंज बदलून देण्याची एक साधी चूक केवढी महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

१९८५ मध्ये इन्सुलिन पेन आले. इन्सुलिन पंपाचा विकास १९७० च्या दशकात सुरू झाला. पंपामुळे इन्सुलिन सतत व सूक्ष्म मात्रेत देता येते आणि आता संवेदकाशी जोडलेले पंप मात्रा स्वतःच कमी-अधिक करतात. मात्र पंपाची किंमत व त्यास दरमहा लागणारे साहित्य यांचा खर्च पाहता भारतात हा पर्याय मूठभरांपुरताच मर्यादित राहिला आहे.

मोजमापाचा इतिहास : लघवीपासून रक्तापर्यंत

उपचार योग्य आहे किंवा नाही हे मोजमापाशिवाय कळत नाही. बेनेडिक्ट यांच्या द्रावणाने लघवीतील साखर तपासण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या आरंभी आली. परीक्षानळीत द्रावण व लघवीचे थेंब घेऊन उकळल्यास निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी होत जातो. ही तपासणी स्वस्त होती, परंतु ती काही तासांपूर्वीची स्थिती दाखवी आणि साखर धोकादायकरीत्या कमी झाल्याचे तर मुळीच दाखवीत नसे. १९७० च्या दशकापासून रक्तशर्करा मोजणारी यंत्रे आली, पुढे ती हातात मावू लागली. १९६८ मध्ये सॅम्युएल राहबर यांनी मधुमेहींच्या रक्तातील बदललेल्या हिमोग्लोबिनकडे लक्ष वेधले. त्यातूनच पुढे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक ठरलेली एचबीएवनसी चाचणी विकसित झाली. रक्तक्षय वा सिकलसेलसारखे हिमोग्लोबिनचे विकार असल्यास ही चाचणी दिशाभूल करू शकते. आदिवासी वस्ती असलेल्या भागात काम करणाऱ्या वैद्यांनी ही मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

काटेकोर नियंत्रणाने खरोखर लाभ होतो काय, या वादाचा निर्णय १९९३ मध्ये लागला. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षे चाललेल्या डीसीसीटी या अभ्यासात दिवसातून तीन वा अधिक इंजेक्शने अथवा पंप आणि वारंवार तपासणी, या पद्धतीची तुलना प्रचलित उपचाराशी करण्यात आली. काटेकोर उपचाराने दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी व मज्जातंतूंच्या विकाराची ६० टक्क्यांनी घटली. मूत्रपिंडाच्या विकाराच्या जोखमीतही लक्षणीय घट झाली. मात्र साखर अतिशय खाली जाण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. या अभ्यासानंतर दिवसातून एक-दोन इंजेक्शने हा उपचार शास्त्रीयदृष्ट्या मागे पडला.

व्यवहारात तो मागे पडला नाही, याचे कारण अंकगणितात आहे. वाढत्या वयाच्या तीस किलो वजनाच्या मुलास दररोज सुमारे २७ एकके इन्सुलिन लागते असे धरल्यास, ४०० एककांची दहा मिलिलिटरची कुपी पंधरा दिवस पुरते. म्हणजे दरमहा दोन कुप्या. परंतु दिवसातून चार वेळा साखर तपासावयाची तर दरमहा १२० पट्ट्या लागतात आणि हा खर्च साध्या मानवी इन्सुलिनच्या खर्चाच्या कित्येक पट होतो. रोजंदारीवरील कुटुंब प्रथम पट्ट्यांवर काट मारते. इन्सुलिन आहे पण मोजमाप नाही, अशा स्थितीत उपचार अंदाजाने चालतो, साखर उतरण्याच्या भीतीने मात्रा कमी ठेवली जाते आणि डीसीसीटीने दाखविलेला लाभ त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

निदानाचा प्रश्न

उपचारापूर्वी निदान येते. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला प्रतिसाद देणारे व न देणारे असे मधुमेहाचे दोन वर्ग मांडले. १९७४ मध्ये स्वादुपिंडातील पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळली व आजाराचे स्वयंप्रतिकारी स्वरूप स्पष्ट झाले. भारतात या वर्गीकरणात एक गुंतागुंत होती. कृश व कुपोषित असूनही कीटोनची बाधा न होणारे तरुण मधुमेही येथे दिसत. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणसंबंधित मधुमेह असा स्वतंत्र वर्ग मानला, १९९९ मध्ये तो वगळला आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास प्रकार ५ म्हणून पुन्हा मान्यता दिली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी हैदराबाद व एक्झेटर येथील सहकाऱ्यांसह २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रकार १ ओळखण्यासाठीचा जनुकीय निर्देशांक भारतीय रुग्णांतही उपयुक्त असल्याचे दाखविले. म्हणजे प्रत्येक कृश तरुण मधुमेही प्रकार १ चा नसतो आणि प्रत्येक प्रकार १ चा रोगी वेळीच ओळखला जात नाही.

ग्रामीण कोकणात दुसरी अडचण अधिक घातक आहे. अति तहान, वारंवार लघवी, पूर्वी न होणारे अंथरूण ओले होणे, झपाट्याने वजन घटणे ही आरंभीची लक्षणे होत. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास उलट्या, पोटदुखी, धाप व ग्लानी येते. पावसाळ्यात उलट्या होणारे मूल म्हणजे गॅस्ट्रो, धाप लागलेले मूल म्हणजे न्यूमोनिया, ग्लानीतले मूल म्हणजे हिवताप, असा समज सहज होतो आणि साखरेची एक तपासणी राहून गेल्याने सलाइन म्हणून ग्लुकोजच चढविले जाण्याचा संभव असतो. कीटोनबाधेवर अतिदक्षतेचे उपचार लागतात. नागोठण्याहून पेण सुमारे २५ किलोमीटर, भिसे खिंड ओलांडून रोहा, वडखळमार्गे अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि त्यापुढे पनवेल-मुंबई, असा हा प्रवास आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाल्याने त्यात सुधारणा झाली. परंतु महामार्ग-रुंदीकरणाच्या २०११ पासून रेंगाळलेल्या कामात या रस्त्यावरचा वेळ किती अनिश्चित झाला, हे परिसरातील प्रत्येकास ठाऊक आहे.

महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रयत्न

महाराष्ट्रात मधुमेहाच्या संघटित कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९५५ मध्ये स्थापन झालेल्या डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाच्या उभारणीत डॉ. एस. एस. आजगावकर यांचा पुढाकार होता. माहीमचे रहेजा रुग्णालय याच कार्यातून उभे राहिले. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९० च्या दशकात स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टने विदर्भातील गरीब मुलांना इन्सुलिन विनामूल्य पुरविण्याचे व त्यांचे शिक्षण सुरू ठेवण्याचे कार्य केले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे डॉ. अर्चना सारडा यांनी उडान ही संस्था मधुमेही मुलांसाठी चालविली. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात डॉ. अनुराधा खाडिलकर व डॉ. वामन खाडिलकर यांच्या गटाने अशा मुलांची वाढ व हाडांचे आरोग्य यांवर संशोधन केले. या कार्यांचे वैशिष्ट्य असे की, औषधाबरोबर शिक्षण, समुपदेशन व सातत्य यांवर त्यांनी भर दिला. मुलीचा आजार लग्नाच्या काळजीने लपविला जातो आणि लपविलेल्या आजाराचे इंजेक्शन चुकते, ही सामाजिक बाब अशा कार्यकर्त्यांनाच प्रथम उमगली.

शासकीय पातळीवर २००६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तरुण मधुमेहींची नोंदवही सुरू केली व जून २०२२ मध्ये प्रकार १ मधुमेहाच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तथापि, २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर तिशीच्या पुढील व्यक्तींच्या तपासणीवर राहिला. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतील ३० आजारांत मधुमेहाचा समावेश नव्हता. एका कार्यक्रमाच्या दृष्टीने मूल वयाने लहान व दुसऱ्याच्या दृष्टीने त्याचा आजार यादीबाहेरचा, अशी ही फट आहे. १९०७ च्या सभेतील प्रौढ व सुखवस्तू मधुमेहीची प्रतिमा शंभर वर्षांनंतरच्या योजनांतही कशी वावरते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

स्थानिक परिस्थिती आणि उपचार

एका ठिकाणचा चांगला सल्ला दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू पडत नाही. शीतकपाट नसलेल्या घरात इन्सुलिनची कुपी मातीच्या मडक्यात ठेवावी, हा सल्ला विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम ठरतो, कारण तेथे बाष्पीभवन वेगाने होऊन मडके गार होते. खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते व मडके फारसे थंडावत नाही. अर्थात नागोठण्याचे तापमानही विदर्भाइतके चढत नाही. २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ व डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्या अभ्यासात २५ ते ३७ अंश सेल्सियस या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे प्रभावी राहिल्याचे आढळले. म्हणून वापरातील कुपीची चिंता मर्यादित आहे. उन्हात, पत्र्याखाली वा चुलीजवळ ती न ठेवणे हे महत्त्वाचे. राखीव साठ्यासाठी मात्र गावातील एखादे शीतकपाट, मग ते शाळेचे असो वा औषध-दुकानाचे, निश्चित असावे लागते.

दुसरी बाब आहाराची. भात हे येथील मुख्य अन्न आहे. भात बंद करा, हा सल्ला प्रकार २ च्या प्रौढासही कठीण, तर वाढत्या मुलास अन्यायकारक होय. प्रकार १ मध्ये अन्न इन्सुलिनला नव्हे, तर इन्सुलिन अन्नाला जुळवून घ्यावयाचे असते. एक वाटी भात, तांदळाची भाकरी, सकाळची पेज यांतील पिष्टाचे प्रमाण मातेस मोजता आले तर मासळी-भातावर वाढलेले मूलही उत्तम नियंत्रणात राहू शकते.

तिसरी बाब स्थलांतराची. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे कागदपत्र एका आरोग्य केंद्रात व मूल दुसऱ्या जिल्ह्यात, अशा स्थितीत इन्सुलिनचा पुरवठा तुटतो. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकणे आणि प्रकार १ मध्ये इन्सुलिन चार दिवस चुकणे यांत जीवन-मृत्यूचे अंतर आहे. चौथी बाब पुराची. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्याची जी हानी केली, ती या खोऱ्याच्या स्मरणात आहे. पावसाळ्यापूर्वी दोन महिन्यांचा साठा घरात वा गावात असणे, हा येथील उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

नवे पर्याय

गेल्या पाव शतकात पर्यायांची कक्षा विस्तारली. २००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांत स्वादुपिंडातील पेशीपुंजांचे यशस्वी रोपण झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. आजाराची लक्षणे प्रकट होणे सरासरी दोन वर्षे लांबविणारे हे पहिलेच औषध होय. जून २०२३ मध्ये दात्याच्या पेशींपासून केलेल्या डोनिस्लेसेल या उपचारास तेथेच परवानगी मिळाली. त्वचेखालील संवेदकाने साखर सतत मोजण्याची सोय भारतातही आली आहे. हे पर्याय आशादायक आहेत. परंतु रोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात, आणि आजार लांबविण्यासाठी तो प्रकट होण्यापूर्वीच प्रतिपिंडांची तपासणी व्हावी लागते. लक्षणे दिसू लागल्यावरही ज्याची साखर तपासली जात नाही, त्या मुलासाठी हे पर्याय अद्याप दूरचेच आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, प्रकार १ मधुमेहाच्या उपचारातील प्रत्येक टप्प्यावर विज्ञानाने एक प्रश्न सोडविला आणि समाजापुढे दुसरा ठेवला. इन्सुलिनने मृत्यू टाळला, पण नियमित पुरवठ्याचा प्रश्न निर्माण केला. काटेकोर नियंत्रणाने गुंतागुंत टाळता येते हे सिद्ध झाले, पण मोजमापाच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला. नागोठण्यासारख्या ठिकाणी आज अभाव आहे तो औषधाचा नसून वेळेवर निदान, पट्ट्या, सातत्य व जाणकार माणूस यांचा आहे.

यांपैकी पहिला अभाव दूर करण्यास फार पैसा लागत नाही, याचा पुरावा इतिहासातच आहे. इटलीतील पार्मा प्रांतात १९९१ पासून शाळांत व बालरोगतज्ज्ञांकडे एक साधे भित्तिपत्रक लावण्यात आले. पूर्वी न होणारे अंथरूण ओले होणे हे मधुमेहाचे लक्षण असू शकते, एवढाच त्याचा आशय होता. निदानाच्या वेळी कीटोनबाधा झालेल्या मुलांचे प्रमाण त्यापूर्वीच्या चार वर्षांत ७८ टक्के होते, ते १९९७ पर्यंतच्या काळात १२.५ टक्क्यांवर आले. पेण, रोहा व नागोठणे येथील शाळा, अंगणवाड्या व आश्रमशाळा यांत असे मराठी पत्रक लावणे, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आजारी मुलाची साखर तपासणे अनिवार्य करणे, आणि परीक्षेच्या सभागृहात मधुमेही विद्यार्थ्यास साखर, खाद्य व तपासणी-यंत्र जवळ ठेवू देणे या गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. यांपैकी शेवटच्या बाबतीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये साखर व खाद्य जवळ ठेवण्याची परवानगी दिली आहे व राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून शाळांत अशा मुलांची सोय करण्यास सांगितले आहे. महाविद्यालयांनाही त्याच धर्तीवर आपले नियम तपासून पाहता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत स्वच्छता व वृक्षारोपणाबरोबर या एका विषयाची भर घालणेही अवघड नाही.

थॉम्पसनला इन्सुलिन मिळाले त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. सुकेळी खिंडीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तेच औषध खंड न पडता मिळणे, हा त्या शोधाचा अपूर्ण राहिलेला भाग होय. तो पूर्ण करण्यासाठी नव्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.